फौंड्रीत 8 वर्षं काढल्यावर नोकरी सोडून मटेरियल्समध्ये एम.टेक. करण्यात अर्थ आहे का?

तुमचं वय 32, बी.ई. मेकॅनिकल, कोल्हापूरजवळच्या शिरोलीत क्वालिटीला 8 वर्षं, आणि विचारताय की एम.टेक. केलं तर वरची जागा मिळेल का. मी 31व्या वर्षी हेच केलं, मुलगी 4 वर्षांची असताना. जागा मिळते. पण नुसत्या जागेसाठी जाणार असाल तर जाऊ नका.

मी गोकुळ शिरगावात एका फौंड्रीच्या लॅबमध्ये होते. एस.जी.ची, म्हणजे ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या लोखंडाची जाड कास्टिंग, आणि फ्युरान रेझिनने बांधलेल्या वाळूचे साचे. एका पार्टच्या तक्रारी सुरू झाल्या: टेस्टिंगला लावला की वरच्या कातडीपासून तडा जातो. माझ्या टेस्ट बारमध्ये नोड्युलॅरिटी, म्हणजे ग्राफाइट किती गोल आहे ते, 90 टक्क्यांच्या वर; ते गोळे घडवणारं मॅग्नेशियम 0.04 टक्के. रिपोर्ट स्वच्छ आणि माल परत, असं महिनोन् महिने चाललं. मॅनेजरांनी मॅग्नेशियम वाढवायला लावलं. वाढवल्यावर ड्रॉस, म्हणजे धातूवरची मळी वाढली, आत श्रिंकेजच्या, म्हणजे आकसण्याच्या पोकळ्या यायला लागल्या. मी एक पार्ट कापलासुद्धा, पण नमुना घेतला मधून. कडेचा घेतला असता तरी काही दिसलं नसतं, कारण आम्ही पॉलिश करताना कड गोल व्हायची आणि त्याची कुणाला फिकीर नव्हती.

आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच फौंड्रीत मोल्डिंगला होते. त्याआधी उद्यमनगरात त्यांची 20 वर्षं गेलेली. एकदा जेवताना म्हणाले, "आगं, हल्ली ओतताना डोळं लई झोंबत्यात. जुनीच वाळू फिरवाय लागल्यात." मी म्हटलं, "आप्पा, प्रॉब्लेम मेटलचा आहे, वाळूचा नाही." हे वाक्य मला अजून टोचतं.

एम.टेक.च्या दुसऱ्या सेमिस्टरला ग्राफाइट कसं बिघडतं यावर एक तास झाला. फ्युरान घट्ट करणाऱ्या हार्डनरमध्ये गंधक असलेलं सल्फॉनिक अ‍ॅसिड असतं. तीच वाळू पुन्हा पुन्हा वापरली की तिच्यात गंधक साठत जातं. ओतताना त्याचा वायू होतो, तोच डोळ्यांना झोंबतो. त्यातलं थोडं गंधक धातूच्या कातडीत शिरतं आणि तिथलं मॅग्नेशियम बांधून टाकतं. मग आत ग्राफाइटचे छान गोळे आणि वरच्या पातळ थरात ग्राफाइटच्या पाकळ्या. पाकळी म्हणजे तड्याला आयती वाट. मॅग्नेशियम कितीही घाला, वाळू तीच राहिली तर फरक थोडाच पडणार.

मी वर्गाबाहेर येऊन आधी आप्पांना फोन लावला. त्या पार्टचा तुकडा परवानगी घेऊन माझ्याकडे ठेवलेला होता. तो कड शाबूत राहील असा माउंट केला, मायक्रोस्कोपखाली लावला, आणि पाकळ्या समोर होत्या. फोटो मॅनेजरांना पाठवला. मी राजीनामा दिला तेव्हा हेच म्हणाले होते, "नोड्यूल मोजायला एम.टेक. कशाला लागतं?" फोटो बघून म्हणाले, नवीन वाळू वाढवून आम्ही ते सोडवलंच असतं. सोडवलं नसतं. इतके महिने हातात होते, वाळूकडे कुणी बघितलं नाही, मीही नाही. बघितलं ते फक्त आप्पांनी, आणि त्यांना विचारायची पद्धतच नव्हती.

तो तास माझ्या शेजारी बसलेल्या 22 वर्षांच्या मुलांनीही ऐकला. त्यांच्यासाठी ती परीक्षेची एक टीप होती. माझ्याकडे भट्टीसमोरची वर्षं नसती तर माझ्यासाठीही तेवढीच राहिली असती. "आता या वयात कशाला" असं तुम्हाला जो सांगेल त्याला हे सांगा. माझ्या सासरी हे सांगायला मला 2 वर्षं लागली.

शाखा नीट निवडा. नावात मटेरियल्स आहे म्हणून नॅनो किंवा थिन फिल्मकडे जाल तर शिरोली-कागल पट्ट्यात त्यातलं काम मिळणार नाही. ते काम कमी दर्जाचं नाही, आपल्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर उत्तम संशोधन होतं, पण तो रस्ता पीएच.डी.कडे जातो. तुम्हाला ओतकामातच राहायचं असेल तर फिजिकल मेटलर्जी, सॉलिडिफिकेशन, फेल्युअर अ‍ॅनालिसिस शिकवणारा विभाग बघा. गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला, मेटलर्जीचा वेगळा पेपर आहे, एक्स.ई. या इंजिनीअरिंग सायन्सेसच्या पेपरमध्येही मटेरियल्स सायन्स घेता येतं. कुठल्या विभागाला मेकॅनिकलचा पेपर चालतो ते त्यांच्या ब्रोशरमध्ये तपासा. स्कोअर 3 वर्षं चालतो, म्हणजे नोकरीत असतानाच परीक्षा देऊन ठेवता येते.

पैशाचं आधी लिहायला हवं होतं. गेटवर पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर स्टायपेंड महिना 12,400. त्यात घर चालत नाही. माझे मिस्टर कमावते होते म्हणून निभावलं. घराचे हप्ते चालू असतील आणि कमावणारे तुम्ही एकटेच असाल, तर आधी कंपनीकडे स्पॉन्सरशिपचं विचारा. त्यात स्टायपेंड नसतो, पण पगार चालू ठेवायला कंपनी तयार झाली तर प्रश्न मिटतो. बाँड लिहून घेतील, तो नीट वाचा.

आणि जायचं ठरलं तर तुमच्याकडचा एक न सुटलेला रिजेक्टेड पार्ट, हीट नंबर (भट्टीच्या कोणत्या घाण्यातला तो) आणि त्या दिवसाच्या वाळूच्या रिपोर्टसकट, परवानगी काढून बरोबर न्या.