बेसबॉलमध्ये उत्तेजक द्रव्यं घेताना सापडलेल्या खेळाडूला कायमचं का हाकलत नाहीत?

आधीच सांगून टाकतो, मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो आणि तिथल्या जायंट्स या बेसबॉल संघाचा चाहता आहे. त्यामुळे आमचा विक्रमी फलंदाज बॅरी बॉन्ड्स, ज्याच्यावर उत्तेजकांचे आरोप झाले, त्याच्याबद्दल मी जे म्हणेन ते थोडं हातचं राखून घ्या.

तुमचं म्हणणं असं की चोरी पकडली गेली तरी ८० सामने घरी बसायचं आणि मग परत बॅट घेऊन उभं राहायचं, ही कसली शिक्षा? पहिल्या खेपेलाच आजन्म बंदी का नाही? आजचा नियम म्हणजे पहिल्यांदा ८० सामने, दुसऱ्यांदा १६२ म्हणजे अख्खा हंगाम, तिसऱ्यांदा आजन्म. बंदीच्या काळातला पगार बुडतो आणि त्या वर्षी संघ बाद फेरीत गेला तरी याला खेळता येत नाही. हे २०१४ पासूनचं. २००६ मध्ये पहिल्या वेळी ५० सामने होते, २००५ मध्ये दहा दिवस, आणि २००४ मध्ये तर फक्त उपचार नि समज. २००३ च्या आधी तर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, सरसकट चाचणीच नव्हती. म्हणजे दहा वर्षांत नियम बराच कडक झाला. तरी माणसं घेतातच. माझ्या मते याचं कारण शिक्षेच्या लांबीत शोधण्यापेक्षा पैसा शेवटी कुणाच्या खिशात राहतो ते बघावं.

थोडं मागे जावं लागेल. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला आणि १९०४ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिका, झाली नाही. लोक चिडले, स्टेडियमं ओस पडली. मग १९९८ चा उन्हाळा आला. मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा दोघं मिळून रॉजर मॅरिसच्या १९६१ मधल्या एका हंगामात ६१ होम रनच्या (चेंडू थेट मैदानाबाहेर, आपल्या षटकारासारखा) विक्रमामागे लागले. एकाने ७० मारले, दुसऱ्याने ६६. सगळा देश परत टीव्हीसमोर बसला. त्याच ऑगस्टमध्ये एका वार्ताहराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली, म्हणजे शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढवण्यासाठी घेतलं जाणारं द्रव्य. ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये ते बंद होतं, बेसबॉलमध्ये नव्हतं, आणि दुकानात उघड मिळायचं. तेव्हा लोकांचा राग कुणावर निघाला माहितीये? बराचसा त्या वार्ताहरावर! दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावतो म्हणजे काय, म्हणून. मॅग्वायरने स्टिरॉइडची कबुली दिली ती २०१० मध्ये.

याची आठवण करून दिली कारण 'खेळाडूंनी खेळाला फसवलं' ही गोष्ट अर्धीच आहे. १९९१ मध्येच तेव्हाचे आयुक्त, म्हणजे मेजर लीगचे प्रमुख, फे व्हिन्सेंट यांनी क्लबांना लेखी कळवलं होतं की स्टिरॉइड चालणार नाहीत. पण चाचणीशिवाय असल्या कागदाला काय अर्थ? चाचणीला खेळाडूंच्या संघटनेने वर्षानुवर्षं विरोध केला, खासगीपणाच्या नावाखाली. आणि मालकांनी त्यासाठी कधी जीव तोडून भांडण केलं असं दिसत नाही, कारण होम रनवर तिकिटं खपत होती. २००३ मध्ये अखेर नाव न फोडण्याच्या अटीवर चाचण्या झाल्या. पाच टक्क्यांपेक्षा जास्त दोषी निघाले तर पुढच्या वर्षापासून शिक्षेसह चाचणी, असं ठरलं होतं. खेळाडूंना चाचण्या होणार हे आधीपासून माहीत होतं, तरीही पाच ते सात टक्के निघाले.

आता पैशाचं बघू. २०१२ मध्ये आमच्या जायंट्सचा मेल्की कब्रेरा तुफान खेळत होता, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. ऑगस्टमध्ये टेस्टोस्टेरॉन सापडलं, ५० सामने बंदी. (बचावासाठी त्याच्या माणसाने एक बनावट वेबसाइटसुद्धा उभी केली होती, की बिचाऱ्याने चुकून हे मलम विकत घेतलं. चौकशी करणाऱ्यांनी ती लगेच ओळखली.) जायंट्सनी त्याच्याशिवाय त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. आणि काही आठवड्यांतच टोरोंटोच्या क्लबने कब्रेराला दोन वर्षांसाठी १.६ कोटी डॉलरचा करार दिला. पुढच्या वर्षी खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या फ्लोरिडातल्या बायोजेनेसिस दवाखान्याचं प्रकरण निघालं. त्यात ५० सामने बसलेल्या जॉनी पेराल्टाला त्याच हिवाळ्यात सेंट लुईसने चार वर्षांचे ५.३ कोटी दिले. रायन ब्रॉनचे ६५ सामने गेले, पण आधीच सही झालेला १०.५ कोटींचा वाढीव करार जसाच्या तसा राहिला. पंचविशीतल्या खेळाडूने हा हिशेब मांडला तर त्याला काय दिसेल? पन्नास-ऐंशी सामन्यांचा पगार एका बाजूला, नातवंडांपर्यंत पुरेल एवढा करार दुसऱ्या बाजूला.

क्लबांच्या बाजूने तर हे आणखी मजेशीर आहे. बंदीच्या काळात बुडालेला पगार जातो कुठे? कुठेच नाही, तो क्लबकडेच राहतो. त्याच बायोजेनेसिस प्रकरणात ॲलेक्स रॉड्रिगेझ २०१४ चा पूर्ण हंगाम बाहेर होता, तेव्हा यँकीजचे सुमारे २.२ कोटी डॉलर वाचले. रॉबिन्सन कानो दुसऱ्यांदा सापडला आणि २०२१ चे त्याचे २.४ कोटी बुडाले. त्यातला मोठा हिस्सा मेट्सचा वाचला. ज्या क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये हे घडलं, ज्याच्या ट्रेनरांना रोज तो खेळाडू दिसत होता, त्याला दंड शून्य आणि वर बचत.

म्हणून मला विचाराल तर पहिली दुरुस्ती ही: बंदीतला पगार क्लबला मिळू नये. तो एका सामाईक निधीत जावा आणि क्लबच्या नावावरही काहीतरी तोटा पडावा, उदाहरणार्थ ड्राफ्टमधली, म्हणजे क्लब दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातली, एखादी निवड. सापडलेल्या खेळाडूचा करारच रद्द करावा असं बरेच जण म्हणतात. ऐकायला छान वाटतं, पण मला ते धोक्याचं वाटतं. उतरणीला लागलेल्या महागड्या खेळाडूपासून सुटका मिळवायला मालक टपलेलेच असतात. त्यांच्या हातात हे हत्यार दिलं तर ते कुणावर आणि कधी चालवतील हे सांगायला ज्योतिषी नको.

आजन्म बंदीबद्दलही माझा विरोध तसाच आहे. ब्रॉनचीच गोष्ट घ्या. २०११ च्या शेवटी त्याचा नमुना दोषी निघाला, पण नमुना घेणाऱ्याने तो शनिवार-रविवारी कुरिअरला न देता घरी ठेवला होता. त्या मुद्द्यावर लवादाने ब्रॉनला सोडलं. पुढे तो खोटा बोलत होता हे निघालं, ते वेगळं. पण शिक्षा जितकी टोकाची, तितका लवाद अशा फटीकडे जास्त बघणार. आणि सगळेच ब्रॉन नसतात. आपला पृथ्वी शॉ आठवतो ना? पदार्पणाच्या कसोटीत शतक मारलेला मुंबईचा पोरगा. २०१९ मध्ये त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं, खोकल्याच्या औषधातून गेलं हे त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं आणि आठ महिन्यांवर भागलं. 'पहिली चूक म्हणजे आजन्म' असा नियम असता तर एकोणिसाव्या वर्षी त्याचं क्रिकेट संपलं असतं.

बेसबॉलमध्ये हे जास्त करून डोमिनिकन रिपब्लिकच्या मुलांवर शेकेल. मेजर लीगमधल्या दर दहा खेळाडूंमागे साधारण एक त्या देशात जन्मलेला असतो, आणि तीसही क्लबांच्या तिथे अकादम्या आहेत. अमेरिकन मुलगा शाळा-कॉलेजातून ड्राफ्टमध्ये येतो. तिथला मुलगा सोळाव्या वर्षी करारावर सही करतो. त्याला बारा-तेराव्या वर्षापासून तयार करणारे दलाल असतात, त्यांना बुस्कोन म्हणतात. सहीच्या रकमेत त्यांचा घसघशीत वाटा. घरची गरिबी, चेंडूचा वेग ताशी चार मैलांनी वाढला की रक्कम काही पटींनी वाढते, आणि 'व्हिटॅमिन आहे' म्हणून कुणीतरी सुई टोचतं. अशा पोराला आजन्म घरी बसवून बुस्कोनचं काय वाकडं होणार? तो पुढचा मुलगा शोधतो. वर म्हटलेल्या निधीतला पैसा मी पहिल्यांदा इथे घालीन: सहीच्या आधीच्या चाचण्या, मुलांना त्यांच्या भाषेत माहिती, आणि दलालांची नोंदणी.

राहिला हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचं सन्मान-दालन. बॉन्ड्सचे ७६२ होम रन, सात वेळा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वात मोलाचा खेळाडू. उत्तेजकांचेच आरोप झालेल्या रॉजर क्लेमेन्सचे सात साय यंग (सर्वोत्तम गोलंदाजाचे) पुरस्कार. आत जायला लागतात बेसबॉल पत्रकारांची ७५ टक्के मतं. २०२२ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, बॉन्ड्सला ६६ मिळाली आणि क्लेमेन्सला ६५.२. ज्यांच्या कारकिर्दीत हे सगळं फोफावलं ते आयुक्त बड सेलिग मात्र २०१७ मध्येच आत जाऊन बसले. आणखी गंमत म्हणजे ज्या चेंडूवर बॉन्ड्सने ७५६ वा होम रन मारून हँक ॲरनचा विक्रम मोडला, तो एका फॅशनवाल्याने साडेसात लाख डॉलरना विकत घेतला, लोकांचं मतदान घेऊन त्यावर फुलीसारखी चांदणी (*), म्हणजे 'हा विक्रम संशयास्पद' अशी खूण, कोरली आणि हॉल ऑफ फेमलाच देऊन टाकला. चांदणीवाला चेंडू तिथे आहे, मारणारा नाही. मी बॉन्ड्स आणि क्लेमेन्स दोघांनाही आत घेईन, आणि फलकावर जे घडलं ते एका ओळीत लिहीन. (जायंट्सचा चाहता बोलतोय, हे सांगितलंच आहे.)

यातलं काहीही व्हायचं तर ते मालक आणि खेळाडू संघटना यांच्या वाटाघाटींतच होऊ शकतं, आयुक्ताला एकट्याला हे नियम बदलता येत नाहीत. २०२२ मध्ये झालेला त्यांचा सामाईक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी आहे, संघटना ती कधीच मानणार नाही, आणि सगळी ताकद त्या भांडणात जाईल. बंदीतल्या पगाराचं कलम कुणी टेबलावर ठेवील असं मला वाटत नाही. वाचलेला पैसा स्वतःहून परत करायला कुठला मालक तयार होईल?