पोट भरलंय आत्याबाई, डब्यात द्या

"मॅडम, मी जेवायला बसले की सगळ्यांचं लक्ष माझ्या ताटात असतं" असं म्हणत एक ताई संक्रांतीनंतर माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या. वय ४२, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतात, शाळेत शिकवतात. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत, पण प्रश्न नेहमीचाच आहे, वजन कमी केलं किंवा खाणं बदललं की लोक बोलतात त्याचं काय करायचं.)

आठ महिन्यांपूर्वी त्यांचा तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट, एचबीएवनसी, ६.२ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर, ६.५ झालं की डायबिटीस. त्यांच्या आईला इन्सुलिन चालू, त्यामुळे ह्या घाबरल्या आणि मनापासून लागल्या कामाला. सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालणं, भात अर्धा, चहातली साखर बंद, रात्रीचं जेवण लवकर. ७८ चं वजन ६७ वर आलं, शुगर ५.६. डॉक्टर खूश, आणि घरी दारी मात्र "अगं किती वाळलीस, चेहरा बघ कसा उतरलाय, काही टेन्शन आहे का घरी?"

त्यात गंमत नाही तर त्रास असा की शाळेचा स्टाफ रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला गेला आणि ह्यांनी एकच पाव घेतला तर "एवढंच?", आणि नंतर जिलबीचा एक तुकडा उचलला तर लगेच "काय मॅडम, डाएट संपलं वाटतं!" म्हणजे खाल्लं तरी बोलणार, नाही खाल्लं तरी बोलणार. हे सांगताना त्या रडल्या. मला म्हणाल्या, "मी आता मिसळीला जायचंच बंद केलंय." मला सगळ्यात वाईट याचंच वाटलं, कारण माणूस खाणं सोडत नाही तर माणसं सोडायला लागतो.

मी विचारलं, असं कोणी बोललं की तुम्ही काय उत्तर देता? तर त्या सगळं सांगत बसायच्या, रिपोर्ट काय आला, डॉक्टर काय म्हणाले, भातात काय असतं, चालल्याने काय होतं. आणि आपण कारण दिलं की समोरच्याला वाटतं आता चर्चा करायला हरकत नाही, मग "आमच्या शेजारणीने तर भात नाही सोडला तरी उतरलं तिचं" सुरू होतं. कारण देणं थांबवायचं हे आम्ही पहिल्याच भेटीत ठरवलं.

पण वाक्य काय बोलायचं यात माझं चुकलं. मी त्यांना सांगितलं की शांतपणे म्हणा, "माझ्या शरीराबद्दल बोललेलं मला आवडत नाही." त्यांनी एका हळदीकुंकवाला ते म्हटलं आणि सगळ्या बायका गप्प झाल्या, आत्याबाई (नवऱ्याच्या आत्या) रुसल्या आणि नवऱ्याला फोन गेला. वाक्य खोटं नव्हतं, पण ते त्यांच्या तोंडातलं नव्हतं, वर्षानुवर्षं "आत्याबाई आत्याबाई" म्हणणारी बाई अचानक तसं बोलली तर समोरच्याला तो अपमानच वाटणार. मग आम्ही त्यांच्याच भाषेत शोधलं. "पोट भरलंय आत्याबाई, डब्यात द्या, घरी जाऊन खाईन." करणारीचा मानही राहतो आणि ताटातली पोळी पण वाढत नाही. परत आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात, नवीन कारण न जोडता. वजनाबद्दल विचारलं तर "हो, तब्येत छान आहे माझी, तुमचे गुडघे कसे आहेत?" आत्याबाईंना गुडघ्यांवर बोलायला खूप आवडतं.

बाहेरच्यांसाठी एवढं पुरतं. घरातल्या माणसाशी मात्र वाक्याने भागत नाही, बसून बोलावं लागतं.

सासूबाई रोज पोळीवर तुपाची धार धरायच्या आणि नको म्हटलं की ताटावरून उठायच्या. ताईंना वाटायचं मुद्दाम करतात. मी म्हटलं जेवणाच्या वेळी नाही, दुपारी चहाला बसून एकदा विचारा की माझ्या बारीक होण्याची भीती कशाची वाटते. तेव्हा कळलं की त्यांचा थोरला भाऊ टीबीने गेला, आधी असाच महिनोन्‌महिने वाळत गेला होता. त्यांच्या मनात बारीक होणं म्हणजे आजार, बस्स. पुढच्या चेकअपला ताई त्यांना सोबत घेऊन गेल्या, डॉक्टरांनीच दोन्ही रिपोर्ट समजावून सांगितले आणि तुपाची धार एका चमच्यावर आली.

पण मग सासूबाई आल्यागेल्याला सांगायला लागल्या, "तिला शुगर होणार होती, आग्रह करू नका." ताईंची बाजू घेतली खरी पण रिपोर्ट सगळ्या कॉलनीत गेला. परत बोलावं लागलं, की आई, माझा रिपोर्ट कोणाला सांगायचा ते मी ठरवीन. हे पण दोन-तीनदा सांगावं लागलं, एकदा बोलून कोणतं घर बदललंय.

एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते आणि तुम्हीही स्वतःला विचारा. वजन काही न करता आपोआप उतरतंय का, पाळी थांबलीय का, खाल्ल्यावर अपराधी वाटून उलटी काढावीशी वाटते का, चोरून खाणं किंवा उपाशी राहणं चाललंय का? तसं असेल तर टोकणाऱ्याला गप्प कसं करायचं हा प्रश्न नंतरचा, आधी डॉक्टरांकडे जा. मनाचं काही बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

ताई आता मिसळीला जातात. स्टाफमधले एक सर अजून बोलतात, त्यांना त्या फक्त "हो" म्हणतात आणि जेवत राहतात.

चैत्रातल्या हळदीकुंकवानंतर त्यांचा मेसेज आला. आंब्याची डाळ परत घेतली तर आत्याबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे चालतं का गं तुला?" आणि ह्या म्हणाल्या, "आवडतं मला."