सिकलसेल (एसएस) असताना हॉस्टेलवर कोणाला न सांगता राहता येईल का?

प्रश्न असा आहे: "मी १९ वर्षांची, गडचिरोली जिल्ह्यातली. मला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. नागपूरला बी.कॉम.ला प्रवेश मिळाला आहे. हॉस्टेलवर कोणाला न सांगता बाकीच्या मुलींसारखं राहता येईल का? सहलीला वगैरे जाता येतं का?"

तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. मी २७ वर्षांची, मीही एसएस, म्हणजे आई-बाबा दोघांकडून सिकलसेलचा जीन आलेली. गाव आरमोरीकडचं. नऊ वर्षांपासून नागपुरात आहे. त्यातली पहिली तीन हॉस्टेलवर काढली आणि पहिलं दीड वर्ष मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

न सांगता राहता येतं. काही महिने तर मस्त राहता येतं. पण नको राहूस.

माझं सांगते. दुसऱ्या वर्षाचा डिसेंबर होता. स्नेहसंमेलनाच्या नाचाची प्रॅक्टिस हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री दहापर्यंत चालायची. घामाघूम व्हायचं आणि त्याच अंगावर गार वारा घ्यायचा. त्या दिवशी दुपारपासून पाणीही प्यायले नव्हते, कारण कॉलेजचं बाथरूम जाण्यासारखं नव्हतं. रात्री दीडच्या सुमारास उजव्या मांडीत सुरू झालं. तुला वेगळं सांगायला नको, हाड आतून कोणी पिरगाळत असल्यासारखं. मी टॉवेलचं टोक दातात धरून पडून राहिले, रूममेटला जाग येऊ नये म्हणून. पण लोखंडी पलंग करकरत होता, ती उठलीच. तिला वाटलं, नाचताना शीर चढली. बिचारी खाली मेसमध्ये गेली, फ्रीजमधला बर्फ काढून रुमालात बांधून आणला आणि माझ्या मांडीवर दाबून धरला.

थंडीने आपल्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. रक्तातल्या वाकलेल्या लाल पेशी नसांत अडकलेल्या असतात, तिथेच बर्फ. मी तिचा हात ढकलला, पण का ढकलला ते सांगितलं नाही. तेव्हाही नाही सांगितलं.

रेक्टर मॅडमनी दवाखान्यात नेलं. कॅज्युअल्टीत रूममेटने तिला माहीत होतं तेच सांगितलं, "नाचताना पाय लचकला." साधं दुखण्याचं इंजेक्शन देऊन मला बाकावर बसवलं. माझी फाईल गावी, आईच्या पेटीत. कण्हण्याशिवाय तोंडातून काही निघत नव्हतं. पहाटे एक वयस्कर सिस्टर आल्या, त्यांनी माझ्या डोळ्यांचा पिवळेपणा पाहिला आणि हळूच विचारलं, "बाळा, गाव कोणतं तुझं? सिकलसेल तर नाही ना?" मी मान हलवली. मग सलाईन, मग बरोबर औषध. चार तास गेले होते. तिसऱ्या दिवशी छातीत दुखू लागलं, ऑक्सिजन लावावा लागला. एकूण नऊ दिवस भरती होते.

रूममेट रोज यायची. एकदा रडली, म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर मी बर्फ लावला असता का गं?" मला आजही त्या दुखण्यापेक्षा तिचं ते वाक्य जास्त आठवतं. मी लपवलं माझ्या सोयीसाठी, आणि ओझं गेलं तिच्या डोक्यावर.

म्हणून पहिल्याच आठवड्यात सांग. सगळ्या मजल्याला नाही. रूममेट, रेक्टर आणि कॉलेजातल्या एक मॅडम, एवढ्यांना पुरे. कसं सांगायचं तेही सांगते, कारण मी तिथेच अडायचे. धान कापायचा विळा आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेला असतो. मी म्हणते, "माझ्या रक्तातल्या लाल पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात, मग हाडं दुखतात. जन्मापासून आहे. ताट, कपडे, बिछाना, कशानेही लागत नाही. दुखायला लागलं तर गरम शेक द्यायचा, बर्फ नाही." शेवटचे दोन शब्द दोनदा म्हणते. सोबत त्यांना कागदावर लिहून दे: ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, जीभ जड झाली, हात-पाय लुळा पडला किंवा अचानक भयंकर डोकं दुखलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना. हे घरी शेकण्यातलं दुखणं नसतं.

कोणी ना कोणी विचारेल, "हा आजार तुमच्यातच असतो ना?" जात विचारायची ही आडवाट आहे, मला पुष्कळ जणांनी विचारलंय. पूर्वी मी खाली पाहायचे. आता सांगते की जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या माणसं मेली, तिथे हा जीन टिकला. एएस, म्हणजे नुसत्या वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळायचं, तो जगायचा, त्याची मुलं जगायची. म्हणून विदर्भात आहे, छत्तीसगड-ओडिशात आहे, आफ्रिकेत आणि अरबस्तानातही आहे. आपल्याला, एसएसवाल्यांना, ते संरक्षण मिळत नाही हे मात्र ध्यानात ठेव. गडचिरोलीला सुट्टीत गेलीस तर मच्छरदाणी सोडू नकोस. आपल्याला मलेरिया फार महागात पडतो.

आता रोजचं. बाहेरून पाहणाऱ्याला क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका दिसतो, पण आपला आजार जास्त करून पाण्याचा आणि बाथरूमचा आहे. मला डॉक्टरांनी रोज तीन लिटर सांगितलंय. या आजारात किडनी लघवी नीट घट्ट करू शकत नाही, म्हणून आपल्याला सारखं जावं लागतं, रात्रीही दोन-तीनदा उठावं लागतं. आणि मुली काय करतात? बाथरूम घाण आहे म्हणून पाणीच पीत नाहीत. मीही तेच केलं. तर रूम निवडताना खिडकी, पंखा नंतर बघ, बाथरूम किती पावलांवर आहे ते आधी बघ. कॉलेजात कोणत्या मजल्यावरचं बाथरूम बरं आहे ते पहिल्या दिवशी शोधून ठेव. एसटीत चढण्याआधी पाणी टाळू नकोस, ड्रायव्हर-कंडक्टरला सांगून ठेव. मी सांगते, "दादा, तब्येतीचं आहे, मध्ये पाच मिनिटं थांबाल का?" नऊ वर्षांत एकदाच कोणी नाही म्हटलं. एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेलच्या रुग्णांना प्रवास मोफत आहे, त्याचं ओळखपत्र काढून घे. दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जायचं म्हटलं की तो पैसा मोठा असतो.

नागपूरचा मे महिना तुला नवीन नाही, पण कूलरचं सांगते. पलंग कूलरच्या समोर घेऊ नकोस. उन्हातून येऊन थेट त्या ओल्या गार हवेत झोपलं की संध्याकाळी गुडघे बोलतात. आंघोळ बारा महिने कोमट पाण्याने. हॉस्टेलवर बादलीतला रॉड लावू देत नाहीत, मी रेक्टर मॅडमना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून मेसमधून एक बादली गरम पाण्याची सोय करून घेतली. ही सोयही सांगितल्यावरच झाली, बघ.

गोळ्या रात्री जेवणानंतर, फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया. हायड्रॉक्सीयुरियाच्या कागदावर कॅन्सरचा उल्लेख असतो. कोणीतरी तो वाचेल आणि कुजबुज होईल. ते औषध कॅन्सरमध्येही वापरतात. आपल्यात ते वेगळं काम करतं, पोटातल्या बाळाचं जे हिमोग्लोबिन असतं तसं हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे पेशी कमी वाकतात. चार दिवसांत फरक दिसत नाही, महिने लागतात, म्हणून मुली मध्येच सोडतात. मला वर्षाला पाच-सहा वेळा व्हायची ती क्रायसिस आता वर्षा-दीड वर्षातून एकदा येते. पण सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, चुकवायची नाही, पांढऱ्या पेशी उतरू शकतात. आणि पुढे लग्नानंतर मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून हे औषध थांबवावं लागतं, गर्भाला त्याचा धोका असतो.

एक गोष्ट फार जपून. आपले पिवळसर डोळे आणि कमी हिमोग्लोबिन पाहून जो तो उपाय सांगतो. कोणी काविळीचं झाडपाल्याचं औषध आणतं, कोणी लोहाच्या गोळ्या. आपलं रक्त लोह नसल्यामुळे कमी होत नाही, पेशी लवकर फुटतात म्हणून कमी होतं. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, आपली १० ते २० दिवस. तपासल्याशिवाय लोह घेऊ नकोस. आणि बरी असतानाचं तुझं हिमोग्लोबिन किती असतं तो आकडा पाठ करून ठेव. माझं ८ च्या आसपास असतं. नवीन डॉक्टर ८ पाहून लगेच रक्त चढवायला निघाले तर मी सांगते, "सर, माझं नेहमीचं एवढंच आहे." त्यांना विचार करायला तेवढं पुरतं. दुखण्याच्या गोळ्याही मेडिकलमधून मनाने आणू नकोस, काही गोळ्या किडनीवर येतात. कोणती घ्यायची ते तुझ्या डॉक्टरांकडून लिहून घे.

माझ्या भिंतीवर कालनिर्णय असतं. दुखलं त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने कुठे आणि किती ते लिहिते, "उजवा खांदा ४", "कंबर ७". वर्षभराने पानं उलटली तेव्हा दिसलं की निम्म्या खुणा पाळीच्या आगेमागे आहेत आणि उरलेल्या बहुतेक हवा बदलली त्या आठवड्यातल्या. तेव्हापासून त्या दिवसांत पाणी वाढवते, जास्तीची कामं घेत नाही. डॉक्टरांनाही ती पानं फोटो काढून दाखवते.

कागदपत्रांबद्दल मी जरा खात्रीने बोलू शकते, कारण आता मी महा ई-सेवा केंद्रात काम करते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात सिकलसेल आहे. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज कर. त्यावर दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० किंवा जास्त आली तर सरकारी आणि अनुदानित संस्थांमध्ये उच्च शिक्षणाच्या ५ टक्के जागांवर आपला हक्क लागतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांत मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत. ही गोष्ट मला फार लागते. महिन्यातून चार दिवस अंथरुणाला खिळणारी मुलगी कायद्याने दिव्यांग आहे, पण नोकरीच्या रांगेत नाही. माझ्या टेबलावर अशी मुलं येतात, कार्ड हातात घेऊन, मोठ्या आशेने, आणि मला ते सांगावं लागतं. तुला आत्ताच सांगते, म्हणजे पुढचे बेत तू त्या हिशोबाने करशील.

लग्नाचं तू विचारलं नाहीस, तरी दोन ओळी. पत्रिकेआधी समोरच्याचा रिपोर्ट. आपण एसएस, तो एए, म्हणजे हा जीन अजिबात नसलेला असला तर मुलं सगळी वाहक, आजारी कोणीच नाही. तो एएस असला तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता एसएसची. नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर, म्हणजे पहिल्या साध्या रक्तचाचणीवर थांबायचं नाही. ती एएसलाही पॉझिटिव्ह येते, एसएसलाही. पुढची तपासणी, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, करायलाच लावायची.

आणि सहल. जाता येतं गं. मी तिसऱ्या वर्षी चिखलदऱ्याला गेले, ऑगस्टमध्ये. आधी डॉक्टरांना विचारलं. चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे. तेवढ्या उंचीची त्यांना काळजी नव्हती, काळजी होती ओल्या कपड्यांची आणि थंडीची. मी कपड्यांचे दोन जोड, मोजे, थर्मॉस आणि शेकायची रबरी पिशवी घेतली, फाईलचे फोटो मोबाईलमध्ये. पावसात भिजायला सगळ्या गेल्या, मी गेले नाही. गाविलगडावर गेले, हळूहळू, दर थोड्या वेळाने बसत. तीच रूममेट माझ्यासोबत मागे राहिली. वर धुकं एवढं होतं की पुढच्या मुली दिसत नव्हत्या, नुसते आवाज येत होते. तिने थर्मॉसचं झाकण उघडून गरम पाणी ओतलं आणि म्हणाली, "तासाचा पेला राहिला तुझा."