आक्काला विचारा : गावात आता ठेवलंय काय?

प्रश्न : आक्का, नमस्कार. माझं माहेर शिवाजी पेठेतलं, सासर पाचगावात. रविवारी संध्याकाळी बाहेर पडायचं म्हटलं की आमच्या घरात वाद ठरलेला. मी म्हणते गावात जाऊ; महाद्वार रोड, भवानी मंडप, खासबाग असं पायी फिरू. हे म्हणतात, "गावात आता ठेवलंय काय? गाडी लावायला जागा नाही, सिनेमा नाही, नाटक नाही. मॉलला जाऊ, एका छपराखाली सगळं मिळतंय." लेक तर बापाच्याच बाजूची. खरंच आपलं जुनं कोल्हापूर फिरायच्या लायकीचं उरलं नाही का, की मी आपली माहेरच्या ओढीनं बोलते?
— एक वाचक, पाचगाव

उत्तर : माहेरची ओढ आहेच, ती असू दे. पण तुझ्या मालकांचं निम्मं म्हणणं खरं आहे, हे आधी कबूल करून टाक, म्हणजे उरलेल्या निम्म्यावर भांडायला बळ येईल.

माझ्या सासऱ्यांचं एका टॉकीजच्या दारात सायकल स्टँड होतं. पितळी बिल्ल्यांची जोडी असायची. एक बिल्ला हँडलला अडकवायचा, त्याच नंबरचा दुसरा गिऱ्हाईकाच्या हातात. बिल्ला हरवला तर भांडण नाही, पावती नाही. खेळ सुटून सगळं स्टँड रिकामं होईपर्यंत कोपऱ्यात उभं राहायचं, शेवटी जी उरेल ती सायकल आपली. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांना संध्याकाळचा डबा द्यायला मी जायचे आणि तिथंच पायरीवर बसून गंमत बघायचे. तीन, सहा आणि नऊ असे खेळ. सहाचा सुटायचा आणि नऊचा आत जायचा, तो अर्धा तास रस्त्यात पाय ठेवायला जागा नसायची. भेळवाला पडद्यावर काय चाललंय ते न बघता सांगायचा. गाण्याच्या आवाजावरून त्याला कळायचं की आता शेवटची मारामारी आली, आणि तो कांदा चिरायला घ्यायचा.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पेठेतली संध्याकाळ वेळेला बांधलेली होती. माणसं साडेपाचला घरातून निघायची, तीन तास बसायची, मग भेळ, मग गंगावेशीत दूध, मग घर. टॉकीज आणि नाट्यगृह हा त्या संध्याकाळचा खुंटा होता, बाकीचं सगळं त्याच्याभोवती फिरायचं. आता खुंटा उपटला गेलाय. भेळ आहे, दूध आहे, आईस्क्रीम आहे, पण ते पंधरा मिनिटांत संपतं. मग पुढं काय, हा तुझ्या मालकांचा प्रश्न आहे आणि तो चुकीचा नाही.

टॉकीज का गेल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरात टीव्ही आला, मग व्हिडिओ आला, मग चार-चार पडद्यांची थिएटरं आली. सात-आठशे खुर्च्यांचं एकच सभागृह मंगळवारच्या तीनच्या खेळाला कोण भरणार? वर मोक्याची जागा. तिकिटाच्या पैशात त्या जागेचा हिशेब कधीच बसला नसता. मालकांना शिव्या देण्यात अर्थ नाही.

नाटकाचं मात्र दुःख आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ साली उभं राहिलं, खासबागच्या कुस्ती मैदानाला लागून. पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. एका बाजूला १९१२ सालचं कुस्तीचं मैदान आणि त्याच्या पाठीला पाठ लावून नाट्यगृह, अशी जोडी एका राजाला सुचली, याचं मला अजून नवल वाटतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. दगडी भिंती उभ्या राहिल्या, छप्पर आणि आतलं सगळं गेलं. त्या रात्री आमच्या गल्लीतली माणसं चपला न घालता धावली होती. त्यात आयुष्यात कधी तिकीट काढून नाटक न बघितलेली माणसंही होती. पुन्हा उभारणीचं काम हाती घेतलंय. पण दरम्यान ज्यांची शनिवारी रात्री नाटकाला जायची सवय मोडली त्यांना परत आणायचं काम गवंड्याच्या हातात नाही.

दुसरी गोष्ट. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हाची हद्द दशकानुदशकं तशीच राहिली, आणि माणसं मात्र पाचगाव, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी अशी बाहेर बाहेर पसरली. पेठेत वाडे पडले, अपार्टमेंट झाली, भाऊ-भाऊ वेगळे झाले, एकानं पेठ धरली आणि दुसऱ्यानं कळंब्याकडं प्लॉट घेतला. पूर्वी संध्याकाळी फिरणारा माणूस घराच्या दारातून बाहेर पडला की फिरायच्याच जागेत असायचा. आता तोच माणूस गाडी काढतो. आणि गाडी काढायचीच, तर जिथं लावायला जागा आहे तिथं तो जाणार. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आणि मॉलबद्दल एक बोलते. तुझी लेक तिकडं का ओढते याचा विचार केलास? कावळा नाक्याजवळच्या मॉलमध्ये बाईमाणसाला स्वच्छ बाथरूम सापडतं. महाद्वार रोडवर खरेदीला आलेल्या बाईला चार वाजता लागली तर ती काय करते? ओळखीच्या दुकानदाराच्या घरात शिरते, नाहीतर दात आवळून घर गाठते. मी पन्नाशी ओलांडली तशी माझी निम्मी भटकंती याच एका कारणानं कमी झाली. पेठेच्या विकासाच्या सभांना व्यासपीठावर बसणाऱ्यांना हा विषय किरकोळ वाटतो. त्यांना कुठंही उभं राहता येतं ना.

आता राहिलेलं निम्मं, म्हणजे तुझ्या बाजूचं. गावात काही ठेवलं नाही हे खोटं आहे, आणि त्याचा पुरावा फुटबॉल. हंगामात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची लढत लागू दे, नाहीतर दिलबहार आणि प्रॅक्टिस क्लबची. दुपारपासून पेठांतल्या गल्ल्या मोकळ्या. झेंडे लावलेल्या गाड्या, शिट्ट्या, आणि कट्ट्यावरची साठ-सत्तरीतली मंडळी टोप्या घालून निघालेली. त्या दिवशी गाडी लावायला जागा नाही म्हणून कोणी घरी बसल्याचं मी ऐकलेलं नाही! उन्हात, सिमेंटच्या पायरीवर, पाठीला टेकू नाही अशा जागी माणसं दोन-दोन सामने बघतात आणि सुटल्यावर तासभर चौकात तेच परत खेळतात. (कधी कधी हातांनीही. ते मला पटत नाही, पण इथं तो विषय नको.) ठरलेल्या वेळेला बघण्यासारखं काही असलं की कोल्हापूरकर येतो. दर शुक्रवारी रात्री अंबाबाईची पालखी निघते तेव्हाही तेच. देवळाच्या आवारात त्या वेळी बाहेरगावच्यांपेक्षा आपली माणसं जास्त दिसतात, कारण वेळ माहीत असते.

तेव्हा माझं सांगणं असं. रविवारी संध्याकाळी गावात जाऊच नकोस. त्या वेळी मंडपापासून महाद्वारापर्यंत परगावच्या गाड्या आणि दर्शनाची रांग. तुझे मालक जिंकणार हे ठरलेलं. शुक्रवारी जा. रिक्षानं जा, गाडी घरी ठेव. आठच्या सुमाराला खासबागला भेळ खा, मग पालखी बघ, मग गंगावेशीत या. लेकीला म्हशीसमोर उभी कर. समोर धार काढतात, फेसाचा ग्लास हातात येतो, दूध अजून कोमट असतं, आणि ग्लास परत देईपर्यंत वरच्या ओठाला पांढरी मिशी. ती आधी ईऽऽ म्हणेल. म्हणू दे. फोटो काढून मैत्रिणींना पाठवल्याशिवाय राहणार नाही. आणि मालकांना रविवारचा मॉल देऊन टाक, वाद मिटव.

प्रश्न : माझं महाद्वार रोडवर तीन पिढ्यांचं दुकान आहे. जो येतो तो म्हणतो पेठेतला धंदा संपला. पण शनिवार-रविवार आम्हाला पाणी प्यायला फुरसत नाही. मग संपलं कसं? मुलगा म्हणतो दुकान राजारामपुरीत हलवू. काय करावं?
— एक दुकानदार

उत्तर : तुम्ही दुकानदार, मी हिशेबात कच्ची, तरी विचारलंत म्हणून सांगते. तुमच्या दुकानात शनिवारी येणाऱ्यांपैकी किती जणांना तुम्ही नावानं हाक मारता? वडिलांच्या काळात गल्ल्यावर बसलेल्या माणसाला गिऱ्हाईकाच्या लेकीचं लग्न कुठं ठरलं हेसुद्धा माहीत असायचं. आजचं गिऱ्हाईक सकाळी अंबाबाईचं दर्शन घेतं, चप्पल लाइनीत चपला घेतं, कुठं साज बघतं, गूळ घेतं, तांबडा-पांढरा ओरपतं आणि जोतिबा नाहीतर पन्हाळा गाठतं. ते पुन्हा कधी येणार हे त्याला तरी कुठं ठाऊक असतं? त्याच्या पैशाला कमी लेखू नका, देवीनं पेठेला पोसलंय ते आजचं नाही. पण मंगळवारी रात्री साडेआठला तुमच्या दारात कोण उभं असतं ते बघा. तुमची पेठ जिवंत आहे की नुसती गजबजलेली, ते तेव्हा कळेल.

मुलाचं म्हणणं उडवून लावू नका. राजारामपुरीत गल्लीला नंबर आहेत, रस्ते रुंद आहेत, आणि मुख्य म्हणजे आपलीच माणसं तिथं संध्याकाळी हिंडतात. पण तिथलं भाडं भरून वडिलांची ओळख तिथं नेता येत नाही. माझं विचाराल तर जुनं दुकान सोडू नका, आणि जमत असलं तर दारात एक बाकडं टाका. खरेदी न करताही बसू देणारं. बाहेरगावचा नवरा बायकोची साडी ठरेपर्यंत बसेल, आणि संध्याकाळी पेठेतले म्हातारे बसतील. म्हातारे बसले की त्यांना न्यायला सुना-नातवंडं येतात. फुटपाथ अडवू नका एवढंच, नाहीतर अतिक्रमणवाल्यांची गाडी पहिली तुमच्या दारात येईल आणि शिव्या मला.

रस्ता नुसता चालणाऱ्यांसाठी मोकळा करावा का, हेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. माझं मत : संध्याकाळपुरता करावा, पण आधी रिक्षा कुठं थांबणार ते ठरवून. गुडघे दुखणाऱ्या बाईला बिंदू चौकात उतरवून "आता चाला" म्हटलं तर ती घरीच बसेल, आणि सोबत येणारी सून, नात सगळ्याच बसतील.

प्रश्न : आक्का, पुण्याचे चार मित्र शनिवारी येणार आहेत. ते म्हणतात तुमच्या गावात रात्री करण्यासारखं काही नाही. इज्जतीचा प्रश्न आहे. रात्री कुठं नेऊ?
— एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ

उत्तर : लेका, रात्रीचं नंतर बघू, आधी दुपार धर. हंगाम असेल आणि सामना असेल तर सरळ शाहू स्टेडियमवर ने. कुठल्या संघाच्या बाजूला बसवतोयस ते त्यांना आधी सांग, आणि चुकीच्या गोलाला टाळ्या वाजवू नका म्हणावं. तिथून रंकाळ्यावर ने, पण चौपाटीच्या गर्दीत न थांबता संध्यामठाच्या बाजूला, वारं तिकडं चांगलं लागतं. जेवण तांबड्या-पांढऱ्याचं, ते तुला मी काय शिकवणार. जेवणावर आईस्क्रीम कॉकटेल घे, तो प्रकार त्यांना पुण्यात मस्तानी म्हणून माहीत आहे असं ते म्हणतील, वाद घालू नकोस, दुसरा ग्लास मागव.

दहानंतर पेठ झोपते हे खरं आहे. ते लपवू नकोस. सकाळी सातला उठवून मिसळीला ने आणि कट वाढायला येणाऱ्याला "नको" म्हणू देऊ नकोस. टोपीवाला कोणी मित्र असेल तर टोपी घरी ठेवायला सांग, घाम पुसायला रुमाल मोठा घ्यायला सांग.