नोंदी पूर्ण होतात, पण रुग्णाजवळ थांबता येत नाही

सार्वजनिक रुग्णालयात गुणवत्ता तपासणी जवळ आली की मुंबईतल्या परिचारिका माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: "मी आता या कामाच्या लायकीची राहिले नाही का?" त्यांपैकी एकीची हकीकत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे सांगते.

या सिस्टर सर्जिकल वॉर्डमधल्या, अनुभवी. पहिल्या काही भेटींत त्या केवळ थकव्याविषयी आणि नाईटनंतरही न लागणाऱ्या झोपेविषयी बोलल्या. मग मी विचारले, "तुम्ही केलेले असे कोणते काम आहे, ज्याची कोणी दखलच घेतली नाही?"

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ऑपरेशन झालेले एक आजोबा सारखी चादर चाचपत होते, मॅडम. बीपी ठीक होता, पण मला लक्षण बरे दिसेना. डॉक्टरांना दोनदा बोलावले. पोटात रक्तस्राव निघाला. सकाळी मात्र मला विचारणा झाली ती इतर केसपेपरवर वेदनेचे गुण, म्हणजे किती दुखते याचा आकडा, का भरले नाहीत याची."

"यात तुमचे काय चुकले?"

"काहीच नाही," असे म्हणताना त्यांना रडू कोसळले.

हे रडू दुबळेपणाचे नव्हते. योग्य काय ते कळत असूनही संस्थेच्या चौकटीमुळे ते करता येत नाही, तेव्हा होणाऱ्या नैतिक घुसमटीची मांडणी नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भातच केली. प्रत्येक अस्वस्थतेचे मूळ व्यक्तीच्या स्वभावात शोधू नये, या माझ्या जुन्या आग्रहाला अशा भेटींतून बळ मिळत आले आहे.

तरी गुणवत्तेसाठी आणलेल्या नियमांना आणि नोंदींना विरोध करायला मी सांगत नाही. रुग्णाची ओळख पडताळणे, हात धुणे यांचे नियम जीव वाचवतात, आणि वेदनेची नोंदही, ती पाहून कोणी उपचार बदलणार असेल, तर मोलाचीच असते. मात्र तीच माहिती तीन रजिस्टरांत उतरवण्यात जाणारा वेळ रुग्णाच्या वाट्याचा असतो, हे वरिष्ठांना दाखवून द्यावे लागते. त्यासाठी "काम फार आहे" ही तक्रार पुरत नाही. आपले निरीक्षण, वेळ आणि कोणाला कळवले हे नर्सिंग नोट्समध्ये लिहावे, आणि कोणत्या रुग्णाची कोणती शुश्रूषा कशामुळे राहिली, हे इन्चार्ज सिस्टरांपुढे सहकाऱ्यांसह मांडावे.

या सिस्टरांनी तसे केले आणि एक दुहेरी रजिस्टर बंद झाले. वेदनेचा रकाना राहिला, आणि तो राहावा असे आता त्याही म्हणतात. झोप दोन आठवड्यांनंतरही परतत नसेल, तर मात्र मनोविकारतज्ज्ञांना भेटावे किंवा 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.