महायुद्धाच्या काळातली नगरपालिकेची प्रोसिडिंग बुकं कशी वाचायची

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच बघितला होता, निवांत लिहावं म्हणून आत्ता बसलोय. तुम्ही विचारलंय की सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेची १९३९ ते ४५ ची प्रोसिडिंग बुकं चाळायला मिळाली, त्यात पानंच्या पानं नळ, दिवाबत्ती, जकात आणि झाडूवाल्यांचे पगार, महायुद्धावर चर्चा नाही, बेचाळीसच्या चळवळीवर तर नाहीच नाही, मग गावाला जगात काय चाललंय याचं काही पडलं नव्हतं का. खाली दोघातिघांनी "इंग्रजांची भीती होती" एवढं लिहून विषय संपवलाय. भीती होतीच की, डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स लागू होते, कुणाला कशावरून उचलतील याचा नेम नव्हता. पण मी नगरपालिकेतच नोकरी करून रिटायर झालो, त्यातली बरीच वर्षं रेकॉर्डला, आणि मला हे कारण अपुरं वाटतं. तुम्ही जे ठराव कंटाळून सोडून दिलेत ना, नळाचे अन् दिवाबत्तीचे, युद्ध सगळं तिथंच आहे.

आधी हे लक्षात घ्या की प्रोसिडिंग म्हणजे काय गावाची डायरी नव्हे. अजेंड्यावर विषय आला, सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव झाला, तेवढंच लिहायचं. बाजूच्या बाकावर बसून सभासद जर्मनी-जपानवर तासभर भांडले असतील तरी कारकून ते लिहिणार नाही. आणि कायदा १९०१ चा असो की मोठ्या गावांसाठीचा १९२५ चा, नगरपालिकेनं काय काय करायचं ते त्यात ठरवून दिलेलं, त्याच्या बाहेरचा विषय अध्यक्ष घेणारच नाहीत, घेतला तर वर कलेक्टर बसलेला. अहमदाबादच्या म्युनिसिपालिटीनं बेचाळीसला उघड बाजू घेतली तर सरकारनं ती बरखास्त करून टाकली. मुंबई इलाख्याच्या खेर मंत्रिमंडळानं १९३९ च्या नोव्हेंबरात राजीनामा दिला, त्यानंतर १९४६ पर्यंत इथं गव्हर्नरचाच कारभार, म्हणजे नगरपालिकेची बाजू घेऊन वर भांडणारा लोकांचा मंत्रीसुद्धा नाही.

आता दिवाबत्ती घ्या, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माल तिथं आहे. त्या काळी आपल्याकडच्या बऱ्याच गावांत रस्त्यावरचे दिवे रॉकेलचे. दिवाबत्तीवाला संध्याकाळी शिडी खांद्यावर आणि तेलाचा डबा हातात घेऊन निघायचा, काच पुसायची, वात कातरायची, मापानं तेल घालायचं, लावायचं, की पुढचा खांब. तेलाचं माप ठरलेलं, त्यात चोरी होते म्हणून तक्रारी ठरलेल्या, आणि चांदण्या रात्री दिवे लावायचे नाहीत ही काटकसरही जुनीच. म्हणजे नुसती काटकसर दिसली म्हणून ती युद्धाची समजू नका. युद्धाची कशी ओळखायची तर तारखेवरून. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं, आपल्याकडं येणारं बरंचसं रॉकेल ब्रह्मदेशातून यायचं ते बंद झालं. त्याच्या आधीचे ठराव बघा, दिवे वाढवायचे असतात, अमक्या पेठेत नवा खांब द्या वगैरे. नंतरचे बघा, एकाआड एक दिवा बंद करा, कोटा वाढवून मिळावा म्हणून कलेक्टरसाहेबांना लिहा, ठेकेदार म्हणतो जुन्या दरात परवडत नाही. गंमत बघा, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला काचकारखाना, तिथला प्रभाकर कंदील घराघरात, म्हणजे कंदील आपल्या जिल्ह्यातला पण तेल ब्रह्मदेशचं, मग उजेड पडणार कसा.

जकातीचंही तसंच. आताच्या पोरांना जकात नाका माहीतच नाही, नगरपालिकांची जकात १९९९ ला गेली, पण त्या काळी गावाचा मुख्य पैसा तोच. गाडी नाक्यावर थांबायची, नाकेदार पोती मोजायचा, नुसतं गावातून पलीकडं जाणारा माल असेल तर रहदारीची पावती. इथं एक गोष्ट बघाच, तुमच्या गावाचा जकातीचा दर वजनावर होता की किमतीवर. वजनावर असेल तर धान्याचा भाव कितीही चढो, नगरपालिकेला मणामागं तेवढेच आणे, आणि इकडं नगरपालिकेला लागणारी प्रत्येक वस्तू महाग. किमतीवर असेल तर थोडं तरी सावरतं. शिवाय धान्य, कापड, साखर सरकारी कंट्रोलखाली आली की कुठला माल कुठं जाणार ते सरकार ठरवणार, व्यापारी नाही, म्हणजे नाक्यावरची आवक नगरपालिकेच्या हातातच राहिली नाही. लष्करी गाड्यांना टोल माफ, तो तर १९०१ च्याच पण वेगळ्या, लष्कराच्या टोलबाबतच्या कायद्यानं माफ होता.

आणि चिल्लर! हे फार कमी लोकांना माहितीये. १९४२-४३ ला सुट्ट्या नाण्यांची एवढी टंचाई झाली की काठेवाडातल्या संस्थानांनी कागदी कुपनं काढली. तांबं वाचावं म्हणून सरकारनं १९४३ ला भोकाचा पैसा काढला, आमच्या आजीच्या डब्यात होते ते, करदोट्यात ओवून पोरांच्या कमरेला बांधायचे. आता नाक्यावर आण्या-पैच्या हिशेबात जकात घ्यायची आणि सुटे नाहीत, तर नाकेदारानं करायचं काय? असल्या तक्रारी दिसल्या तर नाकेदाराचा आळस म्हणून सोडून देऊ नका.

नोकरांच्या पगाराचा ठराव तुम्हाला सगळ्यात कंटाळवाणा वाटला असणार. "महागाई भत्ता देणेबाबत" असा विषय दर दोन-चार सभांनी परत परत येतो, कधी तहकूब, कधी उपसूचनेसह पास. सरकार आपल्या नोकरांना भत्ता आपल्या तिजोरीतून देणार, नगरपालिकेनं द्यायचा तर गावाच्या पैशातून, आणि घरपट्टीची फेरआकारणी काय दरवर्षी होत नाही, म्हणजे येणारा पैसा जाग्यावर आणि जाणारा पळतोय. यात झाडूवाला, मैला वाहणारा, शिपाई हे सगळ्यात खाली, त्यांचा अर्ज आधी येतो आणि मंजुरी सगळ्यात शेवटी मिळते. मला विचाराल तर कुठल्या गावची नगरपालिका कशी होती हे याच एका विषयावरून कळतं, भाषणांवरून नाही.

नळाचं थोडक्यात सांगतो. लोखंड, सिमेंट दोन्ही परमिटवर गेलं. पाइप फुटला तर जुनाच ठोकून बसवायचा, नवीन लाइन विसरायची. साताऱ्याला कासचं पाणी उताराने पाटातनं यायचं म्हणून निदान पंपाची कटकट नव्हती, पण ज्या गावात इंजिनावर पाणी उपसायचे तिथं क्रूड तेलाची मारामार. गाडीचं टायर मागितलं तर तेही नाही, मलाया गेलं तसं रबर गेलं. बाहेर रस्त्यावर बघाल तर बसगाड्या कोळशाच्या गॅसवर, मागं ती भट्टी लावलेली, घाट चढताना पॅसेंजरनी उतरून ढकलायचं. एसटी तर १९४८ ला आली.

दवाखान्याच्या खर्चात कोयनेल, म्हणजे हिवतापावरचं औषध, शोधा. जगातलं बहुतेक कोयनेल जावा बेटावरून यायचं, जपाननं मार्च १९४२ मध्ये जावा घेतलं, आणि इकडं हिवताप काही जपानला विचारून थांबत नाही. दवाखान्याची औषधखरेदी आणि त्याच वर्षीचं जन्ममृत्यूचं रजिस्टर शेजारी ठेवून बघा. मृत्यूचं कारण बहुतेक वेळा नुसतं "ताप" लिहिलेलं असतं, त्यामुळं त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नका, पण कुठला महिना वाईट गेला तेवढं कळेल.

सभेच्या वेळेचा पण एक घोळ आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशातली घड्याळं एक तास पुढं होती, युद्धाचा टाइम. म्हणजे प्रोसिडिंगात सभा चारला लिहिली असेल तर जुन्या टाइमानं तीनच वाजलेत. एखाद्या कारकुनानं "नवा टाइम" असं लिहिलं असेल तर ते हे. (मुंबईची म्युनिसिपालिटी तर त्याच्याही वरताण, ती १९५५ पर्यंत आपली वेगळी मुंबई टाइमच धरून बसली होती.)

आता बेचाळीस. तुम्ही म्हणता काहीच नाही. ताई, ठराव सोडा, हजेरी बघा. प्रत्येक सभेच्या वर हजर सभासदांची नावं असतात. जुलै १९४२ ची यादी काढा आणि ऑक्टोबरची काढा, आणि शेजारी ठेवा. कोण कोण गळालं? कुणाचा रजेचा अर्ज आलाय, कुणाचा अर्जच नाही, कारण एकतर येरवड्यात असणार नाहीतर भूमिगत. सलग काही महिने गैरहजर राहिलं की सभासदत्व जातं, म्हणजे पुढं कुठंतरी "जागा रिकामी झाल्याबाबत" असा एक ओळीचा विषय येतो, ती एक ओळ म्हणजे एका माणसाचं बेचाळीस. आणि "कोरमअभावी सभा तहकूब" हे परत परत दिसलं तर तेही टिपून ठेवा, तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळं उरलेल्या चार जणांत कारभार चालवायची ती वाट होती. सभेच्या तारखांशेजारी या तारखा लिहा: ३ सप्टेंबरला तासगावचा मोर्चा, ९ ला वडूज कचेरीवर गोळीबार, १० ला इस्लामपूरला गोळीबार, त्यात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या गेले. त्या आठवड्यात ज्या नगरपालिकेनं सभा घेतली आणि गटार दुरुस्तीचं बिल मंजूर केलं तिला लगेच भित्री म्हणू नका, गटार तुंबायचं थांबत नाही. त्या वेळी वटहुकूम काढून सामुदायिक दंडही बसवत होते, त्याचा उल्लेख आवक पत्रांच्या यादीत सापडू शकतो.

पुढं १९४३ पासून खेड्यापाड्यात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना डावलून चालवलेला लोकांचा कारभार, नाना पाटील, तुफान सेना, त्यांचा न्यायनिवाडा, कमी खर्चातली गांधी लग्नं. ते मुख्यतः खेड्यांतलं राज्य, पेठेच्या गावात नगरपालिकेचं ऑफिस रोज अकराला उघडतच होतं. दोन कारभार एकाच तालुक्यात, आणि लोक दोन्हीकडं जायचे, पट्टी इथं भरायची आणि भांडण तिथं सोडवायचं. यावर कुणी नीट काम केलं तर मला वाचायला आवडेल.

रेशनिंगमुळं नगरपालिकेचं एक वेगळंच काम वाढलं. मुंबईत २ मे १९४३ ला रेशन सुरू झालं, मग बाकीच्या गावांत. आजही आपण कंट्रोलचं दुकान म्हणतो ते तेव्हापासूनचं. कार्ड द्यायचं तर घर नंबर पाहिजे, माणसं मोजलेली पाहिजेत, आणि हे कागद होते कुणाकडं तर नगरपालिकेकडं. म्हणजे घरपट्टीचं रजिस्टर लोकांना अचानक हवंहवंसं झालं, आयुष्यात पहिल्यांदा लोक स्वतःहून नंबर लावून मागायला लागले असणार! लोकसंख्येसाठी १९४१ ची शिरगणती उघडाल तर फार आशा ठेवू नका, युद्धामुळं तिची तपशीलवार कोष्टकं झालीच नाहीत.

एक सावधगिरी. तुम्ही पुढं सांगलीशी तुलना करणार म्हणताय. सांगली शहर तेव्हा सातारा जिल्ह्यात नव्हतं, पटवर्धनांचं संस्थान, वसंतदादांनी जुलै १९४३ मध्ये तुरुंग फोडला तो संस्थानचा तुरुंग. मिरजेचं आणखी वेगळं, आणि कुंडल, किर्लोस्करवाडी औंधात, जिथं पंतप्रतिनिधींनी १९३९ लाच स्वराज्याची घटना देऊन टाकली होती. उलट तासगाव, इस्लामपूर, विटा हे मात्र सातारा जिल्हा, खालसा म्हणजे थेट इंग्रजांच्या ताब्यातला मुलूख. त्यामुळं आजचा सांगली जिल्हा एक धरून चाललात तर गोंधळ होईल. मुंबई सरकारचा हुकूम संस्थानात आपोआप लागू नाही, दरबारानं वेगळा काढायचा, आणि धान्याचा भाव हद्दीच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसरा असला की रात्रीच्या गाड्या कुठं जाणार ते सांगायला नको. सांगलीसाठी नगरपालिकेच्या कागदाबरोबर दरबारी कागद बघावे लागतील.

आता तुम्ही काय करा. प्रोसिडिंग बाजूला ठेवून आधी बजेट मागा, १९३८-३९ चं आणि १९४४-४५ चं, मधली नंतर. दिवाबत्ती, पाणी, आस्थापना, दवाखाना, शाळा, एकेक हेड शेजारी लिहा. जिथं आकडा उडी मारतो किंवा एकदम शून्य होतो तिथली तारीख घेऊन मग प्रोसिडिंगात जा. आणखी एक बघा, लढाई जशी पुढं जाते तसं नगरपालिका स्वतः ठरवतेय असे ठराव कमी होतात आणि कलेक्टरकडं, सप्लायवाल्यांकडं मागण्या करायचे वाढतात. ते नुसते मोजलेत तरी तुमच्या थीसिसचं एक प्रकरण होईल. वॉर फंडाला वर्गणीचे ठराव आले तर कोण सूचक आणि कोण विरोधात ते बघा, पण वर्गणी दिली म्हणून गाव राजनिष्ठ असं लिहू नका, मामलेदार समोर बसलेला असताना हात वर करणं वेगळं.

रेकॉर्ड मिळण्याचं म्हणाल तर प्रोसिडिंग 'अ' वर्गात, कायम जपायचं, ते असतंच. पण जकातीच्या पावत्या, तेलाचे हिशेब हे खालच्या वर्गातले, मुदत संपली की नष्ट करतात, त्यामुळं "नाहीत" असं उत्तर आलं तर क्लार्कवर चिडू नका, खरंच नसतील. चीफ ऑफिसरना साधा अर्ज द्या, कॉलेजचं पत्र जोडा, माहिती अधिकार एकदम काढू नका, त्यानं माणसं आखडतात. त्या वर्षांचे केसरीचे अंक पण बघा, आणि साताऱ्यात नगरवाचनालयात जुनं काय काय आहे ते तिथं जाऊनच विचारा, फोनवर नीट सांगत नाहीत. हिशेबाच्या वह्यांत मोडी लागली तर फोटो इथं टाका, फ्लॅश न मारता आणि पानाचा नंबर दिसेल असा, मी आणि अजून दोघंतिघं वाचून देऊ.