विद्यार्थी असताना मित्रांबरोबर व्हेनिस कमी पैशांत कसं फिरावं? गोंडोला परवडते का?

मी इटलीतल्या पादोव्याला शिकत होतो. तिथून व्हेनिस साध्या ट्रेननं अर्धा-पाऊण तास, म्हणजे ठाण्याहून सीएसएमटी गाठण्यासारखंच. पण जर्मनीतून दोन मित्र यायचे होते, म्हणून नोव्हेंबरात आम्ही चौघांनी तीन रात्रींसाठी कान्नारेजो भागात खोली घेतली. पलीकडे मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला राहिलो असतो तर स्वस्त पडलं असतं, ट्रेननं दहा-बारा मिनिटांचंच अंतर. तरी सांगतो, निदान एक रात्र बेटावर काढाच. संध्याकाळी दिवसभराची गर्दी ओसरली की मूळ शहरात उरतात ते पन्नास हजारांहूनही कमी रहिवासी, आणि मग गल्लीत स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो.

पहिल्याच दिवशी पत्त्यानं आमचा घाम काढला. हातात होतं फक्त 'कान्नारेजो' आणि चार आकडी नंबर. तिथे घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नसतात. शहराचे सहा भाग आहेत आणि प्रत्येक भागाचे नंबर सलग धावतात, मोठ्या भागांत पाच-सहा हजारांपर्यंत. एका भिंतीवर 2900, कोपरा वळलो तर 3100, मधले कुठे गेले देव जाणे. त्यात दर पन्नास पावलांवर पूल आणि पुलाला पायऱ्या, त्यामुळे चाकांच्या बॅगा डोक्यावर. तेव्हा घरमालकाकडून गल्लीचं नाव आणि जवळचं चर्च आधीच विचारून ठेवा.

आता गोंडोला. दिवसा अर्ध्या तासाचा सरकारी दर 90 युरो, पण तो माणशी नाही, अख्ख्या बोटीचा. पाच जण असाल तर माणशी 18. आम्ही चौघं, त्यातले दोघं कायम कडके, म्हणून त्रागेत्तोनं गेलो. तीही गोंडोलासारखीच बोट, फक्त सजावट नाही. दोन युरोत ग्रँड कॅनॉलच्या या काठावरून त्या काठावर सोडते. सांता सोफियाहून निघालात तर थेट रियाल्तोच्या बाजारापाशी उतरता. स्थानिक लोक तीत उभ्यानंच जातात, म्हणून आम्हीही ऐटीत उभे राहिलो. मधेच शेजारून व्हापोरेत्तो, म्हणजे तिथली बस-बोट, गेली, बोट हलली, आणि नाशिकच्या आमच्या पहिलवानानं एका आजीबाईंची बाही घट्ट धरली. आजीबाई हलल्यासुद्धा नाहीत. रियाल्तोचा मासळीबाजार बघायचा तर मंगळवार ते शनिवार, तोही सकाळीच.

व्हापोरेत्तोच्या एकट्या फेरीचं तिकीट साडेनऊ युरो, चक्क लूट. वय 29 पर्यंत असेल तर रोलिंग व्हेनिस कार्ड काढा, त्यावर तीन दिवसांचा पास बराच स्वस्त मिळतो. मग एक नंबरच्या बोटीनं रात्री ग्रँड कॅनॉलभर नुसतं हिंडा. मुरानो-बुरानो ही जवळची बेटंही त्याच पासात होतात. खायला बाकारोत, म्हणजे छोट्या दारूगुत्त्यात, उभ्यानं चिकेत्ती खायच्या: पावाचा तुकडा, वर काहीतरी. शाकाहाऱ्यांचे हाल होतात. आमच्यातल्या एकानं तीन दिवस पोलेंता, म्हणजे मक्याचा घट्ट सांजा, आणि चीजवर काढले.

दुसऱ्या सकाळी भरतीचं पाणी चढणार अशी सूचना होती. समुद्राचे दरवाजे, ज्यांना मोझे म्हणतात, 2020 पासून चालू आहेत, पण ते साधारण 110 सेंटिमीटरचा अंदाज असेल तरच उचलतात. सान मार्को चौक त्याच्या बराच आधी भिजतो. मला वाटलं होतं समुद्राकडून लाट येईल. तसं काही नाही. फरशीतल्या जाळ्यांतून पाणी बुडबुडत वर येतं, आधी परातीएवढं डबकं, मग दोन डबकी एकमेकांना मिळतात, आणि बघता बघता चौकातल्या पाण्यात सान मार्कोचं चर्च उलटं दिसायला लागतं. चर्चभोवती आता काचेची भिंत आहे, ते कोरडं राहतं. आपले पाय नाही. प्लास्टिकचे गुडघाबूट विकणारा बांगलादेशी निघाला. दहा युरो म्हणाला, हिंदीत घासाघीस केल्यावर सातवर आला. तिघांनी घेतले. मी म्हटलं, एवढ्याशा पाण्याला काय बूट!

माझे कापडी बूट नंतर पादोव्यात हीटरवर चार दिवस वाळत होते. वाळले, पण मिठाची पांढरी रेघ काही गेली नाही.